हातातून हातात

माझ्याकडे अजून तरुण प्रशिक्षक येतात आणि बास्केटबॉलच्या चढाईच्या चाली विचारतात. बहुतेक जण खिशात खडू घेऊनच येतात. ओटीवर टेकले की फरशीवर फुल्या, गोल आणि बाण काढायला लागतात. मी त्यांना म्हणतो, खडू ठेव बाजूला, आधी पाणी पी. त्यांना वाटतं म्हातारा पाहुणचार करतोय. तो पाहुणचार नसतो, तो माझा पहिला सराव असतो. तो कुठून आला ते एकदाचं लिहून टाकतो.

एकोणीसशे तीसनंतरच्या वर्षांत मी रत्नागिरीच्या एका हायस्कुलात होतो. आम्ही महार. वडील पलटणीतून पेन्शन घेऊन आलेले, म्हणून मी हायस्कुलापर्यंत पोचलो. वर्गात बसू देत, पण बाक वेगळा आणि भिंतीकडचा. गावात तेव्हा सुधारणेचं वारं होतं. सहभोजनं होत, भाषणं होत, टाळ्या पडत. टाळ्या वाजवून परतलेली काही मंडळी मागीलदारी आंघोळ करून मगच घरात शिरत, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. मला त्या टाळ्यांचा तेव्हाही राग येई आणि आजही येतो.

अशात शाळेत नवे ड्रिल मास्तर आले. माणूस घाटावरचा, आवाज खणखणीत, मुंबईला वर्षभर कसरतीचं आणि खेळांचं शिक्षण घेऊन आलेला. आगबोटीतून उतरले तेच काखेत कातडी चेंडू धरून. लोहाराकडून त्यांनी लोखंडी कड्या करून घेतल्या, आंब्याच्या पेट्यांच्या फळ्या जोडून मागचे तक्ते केले आणि शाळेमागच्या कातळावर दोन खांब उभे केले. कातळ जांभ्याचा. छिन्नीने कितीही तासला तरी खडबडीत तो खडबडीतच. चेंडू आपटला की तो पावस गावाच्या दिशेला उडेल की लांज्याच्या, याचा नेम नसे. मास्तरांनी आठवडाभर डोकं धरलं आणि मग फर्मान काढलं की चेंडू आपटत पळायचं नाही, चेंडू एकमेकांना देत पुढे जायचं.

त्या फर्मानातून त्यांचे सगळे सराव निघाले. आधी गोलात उभं राहून छातीपासून चेंडू फेकायचा. मग तीन रांगा करून, ज्याला चेंडू दिला त्याच्या पाठीमागून धावत पुढे जायचं. या सरावाला ते वेणी म्हणत, कारण पोरांच्या वाटा तशाच एकमेकींत गुंफल्या जात. आणि शेवटी त्यांची लाडकी चाल, खांब. सर्वांत उंच गड्याने कडीकडे पाठ करून मधोमध उभं राहायचं. चेंडू त्याच्याकडे यायचा. मग दोघांनी दोन बाजूंनी, त्याला जवळजवळ घासून, कडीकडे धावायचं. खांबाने चेंडू एकाच्या हातात ठेवायचा, किंवा दोघांनाही हूल देऊन स्वतःच वळून कडीत टाकायचा. समोरच्यांना कळतच नाही की चेंडू गेला कुणाकडे. चाल इतकी सोपी, आणि चांगली बसली तर अडवणं फार कठीण.

शाळेत सर्वांत उंच मी होतो. म्हणून खांब मी.

पहिल्याच दिवशी चाल मोडली. आमचा कप्तान एका वकिलांचा मुलगा, पायाने चपळ आणि नजरेने त्याहून चपळ. तो धावत आला, मी चेंडू पुढे केला, आणि तो हातभर अंतर ठेवून निघून गेला. चेंडू खाली पडला. दुसऱ्या बाजूने आलेल्याचंही तेच. हवेतून फेकलेला चेंडू ते माझ्याकडून झेलत. पण एकाच वेळी माझा हात चेंडूवर आणि त्यांचाही चेंडूवर, म्हणजे शिवाशिव. गंमत अशी की चेंडू बैलाच्या कातड्याचा. मेलेल्या जनावराचं कातडं चालत होतं, जिवंत माणसाचा हात चालत नव्हता.

मला परत द्यायचा झाला तर ते चेंडू जमिनीवरून सरपटत सोडत. मी वाकत नसे. चेंडू माझ्या पायांशेजारून घरंगळत उतारावरच्या काजूंत जाई, आणि ज्याने सोडला त्यालाच काट्याकुट्यांतून आणावा लागे. कप्तानाच्या पोटऱ्या ओरबाडून निघाल्या, तेव्हा कुठे ते चेंडू नीट फेकू लागले. मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही.

मास्तरांच्या लक्षात मात्र काही येईना. त्यांची खात्री की पोरांची पावलं चुकतात. त्यांनी चुन्याने कातळावर पावलं काढली, डाव्याची वेगळी, उजव्याची वेगळी. टळटळीत उन्हात पोरांना त्या पावलांवरून धावायला लावलं. पोरं बरोबर पावलांवरून धावत आणि माझ्याजवळ आली की नेमकी बाहेर वळत. चुना पुसला गेला की मास्तर नव्याने काढत. शेवटी कुणीतरी त्यांच्या कानात सांगितलं असावं, कारण एके दिवशी त्यांनी मला बाजूला घेतलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले की हातात देऊ नकोस, जरा वर उडव, ते हवेत घेतील. नाही उडवलास तर दुसरा खांब उभा करावा लागेल.

मी रात्रभर धुमसलो. पण सगळ्या शाळेत मधोमध उभं राहायची माझी ती एकच जागा होती. बाकी सगळीकडे मी भिंतीकडे होतो. ती जागा मला सोडायची नव्हती. उडवायचं कबूल केलं.

मग कोल्हापूरच्या एका शाळेचा संघ मोटारीने घाट उतरून आला. सामन्याला गाव लोटलं. पुढे खुर्च्यांवर वकील, डॉक्टर, हेडमास्तर. मैदानाभोवतीच्या दगडी गडग्यापलीकडे आमच्या वाडीतली माणसं उभी, त्यात माझे वडील. सामना सुरू झाला आणि कोल्हापूरच्या पोरांना आमची चाल लगेच कळली. मी चेंडू उडवायचा अवकाश, तो हवेत असतानाच ते हात घालून पळवत. हवेतला चेंडू कुणाच्याच मालकीचा नसतो. मध्यंतरापर्यंत आम्ही चांगलेच मागे पडलो.

मध्यंतरात मास्तर कडाडले, तेही माझ्यावर. म्हणे तुला नीट उडवता येत नाही. माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "मास्तर, आता उडवणार नाय. कोणी हातातून घेतलान तर देईन, नायतर माझा मी टाकीन." सगळा संघ ऐकत होता. दुसरा खांब व्हायला कुणी पुढे आलं नाही, कारण तेवढा उंच दुसरा कुणी नव्हताच. मास्तर शिट्टी चाळवत मैदानाकडे वळले.

पुढच्या डावात चेंडू माझ्याकडे आला. कप्तान हातभर अंतरावरून धावून गेला. मी वळलो आणि कडीत टाकला. परत आला, परत टाकला. गडग्यापलीकडून आरोळी उठली. खुर्च्यांवरून नाही. मग कोल्हापूरकरांनी शहाणपणा केला आणि मला तिघांनी घेरलं. आता वळायला जागा नव्हती, पण दोन्ही बाजू मोकळ्या पडल्या होत्या. कप्तानाला ते दिसत होतं, त्याच्यासारख्या खेळाडूला दिसणार नाही कसं? तो धावत आला. मी दोन्ही हातांनी चेंडू पुढे धरला. तो बिचकला आणि रिकामा पुढे गेला. मी चेंडू फार वेळ धरला म्हणून पंचाने शिट्टी मारली, चेंडू आमच्या हातचा गेला. कप्तानाने एकदा वडिलांच्या खुर्चीकडे बघितलं.

पुढच्या खेपेला तो आला तो थेट अंगावर आला. त्याचे दोन्ही तळवे माझ्या बोटांवर पडले. घामाने ओले होते, माझेही होते. क्षणभर चेंडू आम्हा दोघांचा होता. मग मी सोडला, आणि त्याने तो पळता पळता कडीत घातला. त्यानंतर चाल अशी काही बसली की कोल्हापूरच्या पोरांना चेंडू शोधत फिरावं लागलं. सामना आम्ही जिंकला.

टाळ्या कप्तानाला पडल्या. हेडमास्तर म्हणाले, मोठ्या मनाचा मुलगा. डॉक्टरांनी त्याची पाठ थोपटली. त्याने माझ्या हातून चेंडू घेतला याचं कौतुक चाललं होतं. मी दिला, हे कुणाच्या गावीही नव्हतं. शिपायाने पाणी आणलं. सगळ्यांना पेले दिले, आणि माझ्यापुढे येऊन लोटा उंच धरला, मी ओंजळ करावी म्हणून. मी ओंजळ केली नाही. पेल्यासाठी हात पुढे केला. शिपाई हेडमास्तरांकडे बघायला लागला, हेडमास्तर लांबच्या कडीकडे. कप्तानाच्या हातात पेला होता. त्याने माझ्या हाताकडे बघितलं, आपल्या वडिलांकडे बघितलं आणि पेला गुपचूप टेबलावर ठेवला.

मी तहानलेलाच गडग्याबाहेर आलो. वडिलांना म्हणालो, सगळे त्यालाच शाबासकी देतायत, त्याने घेतला म्हणून. वडील कमी बोलत. थोडं चालल्यावर म्हणाले, "तू दिलास म्हणून त्यानं घेतलान. तेवढा इसरू नको."

दुसऱ्या दिवसापासून मी वडिलांची पलटणीतली पाण्याची बाटली घेऊन सरावाला जाऊ लागलो. शाळेचं पाणी मी त्यानंतर प्यालो नाही. ती खाकी बाटली मी मैदानावरच्या खांबाला अडकवत असे, सगळ्यांना दिसेल अशी. सरावात ते चेंडू आता माझ्या हातून घेत. जिंकायची चटक लागली होती. पण ती गरज होती, आणि गरजेपोटी पुढे आलेला हात मी पेल्यापाशी मागे गेलेला पाहिला होता.

चैत्रात एका दुपारी कप्तान आणि मी दोघेच कडीत चेंडू टाकत होतो. कातळ तापून पाय भाजत होते. शाळेला सुट्टी, शिपाई घरी, माठ कोरडा. बराच वेळ त्याने कळ काढली. मग खांबाशी येऊन म्हणाला, पाणी दे रे. आणि माझ्यापुढे त्याने ओंजळ केली.

मला ओतता आलं असतं. त्याच्या बोटांतून अर्धं पाणी कातळावर सांडताना बघता आलं असतं. मी बूच काढलं आणि बाटली आडवी पुढे धरली. म्हणालो, "ओतणार नाय. हातात घे."

तिथे खुर्च्या नव्हत्या, टाळ्या नव्हत्या, जिंकायचं काही नव्हतं. तो उभा राहिला. मीही उभा राहिलो, आणि या वेळी मला कसलीच घाई नव्हती. शेवटी त्याने ओंजळ मोडली, माझ्या हातातून बाटली घेतली आणि तोंड लावून घटाघटा प्याला. परत दिली तीही हातात. मग मी त्याच बाटलीने प्यालो.

म्हणून पाणी आधी. आलेल्यांतल्या पहिल्या तरुणाच्या हातात मी भरलेला तांब्या देतो आणि पिऊन शेजारच्याच्या हातात द्यायला सांगतो. सगळ्यांच्या हातांतून तो फिरून परत आला की मगच मी खडू उचलतो.