आधी फ्रिज, मग बैठक

डॉ. निर्मला वाघमारे आमच्या कराडजवळच्या आरोग्य केंद्रात रुजू झाल्या, तेव्हा मी तिथं औषधं देत होतो. माधवनगरच्या एका गिरणी कामगाराच्या या कन्या. आम्ही हार घेऊन उभे. मॅडमनी हार टेबलावर ठेवला आणि औषधांच्या फ्रिजची किल्ली मागितली. बाई कडक दिसतात, असं मी शिपायाच्या कानात म्हणालो. होत्याच.

त्याच वर्षी गावातल्या महादबांच्या पत्नीला उसाच्या फडात साप चावला. सर्पदंशावरचं इंजेक्शन केंद्रात संपलं होतं. मॅडमनी खरेदीचा प्रस्ताव केव्हाच पाठवला होता, पण तो वरच्या कार्यालयात सहीवाचून पडून होता. केंद्राच्या खात्यात निधी होता, तो खर्च करायचा अधिकार नव्हता. कराडला नेताना वाटेतच महादबांची पत्नी दगावली. मॅडम महादबांना भेटायला गेल्या, तर तेच मॅडमची समजूत काढू लागले, "आवं बाई, तुमी तरी काय करणार? सही आली न्हाई." तो समजूतदारपणा मॅडमना फार लागला.

पुढं कित्येक वर्षं त्यांनी एकच मागणी लावून धरली. जीव वाचवणारी औषधं केंद्रानंच, गावाच्या समितीसमोर खरेदी करावीत. हिशेबाची तपासणी नंतर हवी तितकी करा. साहेबमंडळी वैतागली, बदलीची भीती घालून झाली. मॅडम हटल्या नाहीत. अखेर अधिकार मिळाला, तेव्हा त्यांनी महादबांना समितीवर घेतलं. महादबा बैठकीत एकच विचारत, "सुई हाय का?" मॅडम उठून फ्रिज उघडत, इंजेक्शन दाखवत आणि त्यांच्याच बोलीत म्हणत, "हाय." मगच चहा यायचा आणि बैठक सुरू व्हायची. शेजारच्या केंद्रांनीही हा रिवाज उचलला.

माझी आई अंथरुणाला खिळली होती, तेव्हा मॅडम काम संपवून घरी येत. आईला तपासून झालं की मला दटावत, "तुम्ही जेवलात का?" तसं विचारणारं आता घरात कुणी उरलं नाही.

मॅडम निवृत्त झाल्या आणि काही वर्षांनी तो अधिकार पुन्हा वर गेला. कारभारात सुसूत्रता यावी म्हणे. परवाच्या बैठकीत महादबांनी आपला प्रश्न विचारला. नव्या डॉक्टरांनी मान खाली घातली, "मागणी केलीय, बाबा." मॅडमना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे आपण होतो तिथंच."

आज पंचाहत्तरीत, दुखरे गुडघे घेऊन, मॅडम पुन्हा कार्यालयांचे जिने चढताहेत. सोबत काठी टेकत महादबा असतात. मॅडमना भरपूर, निरोगी आयुष्य लाभो. महादबांनाही लाभो. आणि दोघंही असेपर्यंत, एका बैठकीत तरी, त्या प्रश्नाला पुन्हा "हाय" असं उत्तर मिळो.