चौथ्या वेळचं शून्य

प्रयोगशाळेच्या कोल्ड रूममध्ये, चार अंशांवर, उमेदीची वर्षं गेली. त्यामुळे भर उन्हाळ्यातही बाईंच्या अंगात स्वेटर असायचा. विद्यार्थी मागून त्यांना 'स्वेटरबाई' म्हणत, आणि ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

स्वतः शिकत होत्या तेव्हा त्या खाटकाकडून यकृत आणून, वाटून, त्यातलं एन्झाइम वेगळं काढायच्या. "ताई, आज तू वाढू नकोस बुवा," त्यांच्या हातांच्या वासाने धाकटा भाऊ नाक दाबायचा. त्यांचे सर भलते तापट. पण आकडा पटला नाही की बाई त्यांच्याशी तासभर हुज्जत घालायच्या, आणि सर शेवटी पुटपुटायचे, "बरं बाई, तुझंच खरं." त्या हुज्जतीतूनच त्या संशोधक झाल्या.

पुढे त्यांच्या हाताखाली एक मुलगी आली. अबोल, कामाला वाघ. एकदा ती दोन नळ्या घेऊन उभी राहिली. एकीतलं एन्झाइम काम करत होतं, म्हणून ती पिवळी; दुसरीत उकळून मारलेलं यकृताचं एन्झाइम होतं. ती नळी पाण्यासारखी स्वच्छ राहायला हवी होती; तीही पिवळी झाली होती.

"मॅडम, हे मेलेलं काम करतंय."

"मेलेले कामाला लागले तर आपल्याला कोण विचारणार? नळी धुतली नसशील. पुन्हा कर."

दुसऱ्यांदा पिवळी. तिसऱ्यांदाही. अहवाल सोमवारी द्यायचा होता. बाईंनी मान वर न करता विचारलं, "आता तरी धुतलीस का?"

चौथ्यांदा मुलीने वहीत उकळलेल्या नळीच्या रंगापुढे शून्य लिहून आणलं. नळी आणली नाही. बाईंनी मागितली नाही, सही केली.

अकरा वर्षांनी कुठल्याशा दुसऱ्या प्रयोगशाळेने छापलं: तशाच यकृतात उकळूनही न मरणारं एक एन्झाइम असतं. शोध हुकल्याची हळहळ दोन दिवस टिकली. ते शून्य मात्र बाईंना झोपू देईना.

मुलगी आता औषधांच्या कारखान्यात तपासणी विभागाची प्रमुख होती. तिच्या टेबलावर लेख ठेवून बाई म्हणाल्या, "तुझं बरोबर होतं. ते शून्य मीच तुझ्याकडून लिहून घेतलं. घाल मला चार शिव्या."

मुलीने लेख वाचला. मग बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं, अंदाज घेत.

"छे हो मॅडम, नळीच घाण असेल. चहा सांगू?"

"अगं, तीनदा केलं होतंस तू!" बाईंचा आवाज चढला.

"तुम्ही म्हणता तर केलं असेल, मॅडम."