मटार सोलत ऐकणाऱ्या काकू

फरीदाबादच्या आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावरच्या काकू दर रविवारी सकाळी मुलांचं मराठी वाचन ऐकतात. ऐकताना मटार सोलतात. मुलाकडे बघत नाहीत. मूल अडलं की त्यांचा हातही शेंगेवर थांबतो, आणि शब्द सापडला की पुन्हा सुरू होतो. चूक काढत नाहीत. फार तर विचारतात, "अच्छा, मग?"

मला तेवढा धीर नाही. माझी आठ वर्षांची मुलगी अडखळली की मला राहवत नाही. इथे वाढतेय, मराठी सुटलीच तर? म्हणून मी शेजारी बसून तिला शब्द पुरवत राहते.

परवा ती खारीची गोष्ट वाचत होती. पिल्लू अक्रोड फोडत बसतं आणि आई चिडते. मुलीने ते वाक्य किराण्याची यादी वाचावी तसं वाचलं, "किती वेळ लावतोस? आण इकडे, मीच करते."

"ही बिल्कुल चिडलेली वाटत नाही गं," काकू तिला म्हणाल्या. "चिडलेली आई कशी बोलते?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं, मग पुस्तकाकडे. आणि पुन्हा वाचलं. तोच माझा चढा सूर, शेवटी तोच माझा 'च्च'. एकाही शब्दावर अडली नाही.

काकूंचा हात थांबला. वर न बघता त्यांनी मटारची परात माझ्यापुढे सरकवली.

"घे, तू सोल आता. तिला वाचू दे."