शून्य म्हणजे काम झाले

१४ नोव्हेंबर १९७८, मंगळवार. सकाळी दळण आणले. कडूबाईला चिठ्ठी देऊन वालूरला मालनबाईंकडे पाठवले. चार वाजता परत आली. उत्तर : शून्य.

मनकर्णाबाईंच्या डायरीतले हे शून्य वाचून कुणी हळहळू नये. त्यांच्या घरी दिवाळीपासून शून्य म्हणजे काम झाले.

त्यांचा मुलगा दिनकर हैदराबादला कॉम्प्युटरवर होता. सुट्टीत त्याने सांगितले, की प्रोग्रॅम संपताना एक आकडा देऊन जातो. शून्य दिला की ठीक, दुसरा कुठलाही दिला की बिघाड.

"शून्याला पास?" सव्वीस वर्षे गणित शिकवलेल्या बाई म्हणाल्या.

"आई, नीट होण्याची तऱ्हा एकच. बिघडण्याच्या पुष्कळ. आकडे त्यांच्यासाठी राखून ठेवायचे."

लहानपणी कॉन्व्हेंटात नन्सनी लावलेली टापटीप अंगात होतीच. बाईंनी दुसऱ्याच दिवशी यादी केली. एक म्हणजे दुकान बंद, दोन म्हणजे माल संपला, तीन म्हणजे माणूस घरी नाही, अशी अकरापर्यंत. कामाला येणाऱ्या कडूबाईने ती तोंडपाठ करायची आणि बाजारातून आल्यावर गोष्टी न सांगता फक्त आकडा सांगायचा. घर कसे शांत झाले.

मालनबाई म्हणजे धाकट्या नणंदबाई. दोन वर्षांपूर्वी भर पंगतीत बाईंनी डायरी काढून, त्या कधी काय बोलल्या ते तारीखवार वाचून दाखवले होते. तेव्हापासून बोलणे बंद. चूक कबूल करायला बाईंना दोन वर्षे लागली, चिठ्ठी लिहायला पाच मिनिटे. 'राहायला या' एवढेच लिहिले. शून्य आल्यावर त्या निर्धास्त झाल्या. आता येतील सवडीने.

रविवारी दुपारी भांडी घासता घासता कडूबाईने विचारले, "बाई, तुमी टेसनावर न्हाई गेल्या?"

"कशाला?"

"मालनबाई यायल्यात की दोनच्या गाडीनं. वहिनी सोता आली तरच घरला येईन, न्हाईतर तितूनच माघारी, म्हनल्या."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुमी चिठ्ठी दे म्हनल्या, दिली. शून्य. त्या लय बोलल्या, पर गोष्टी सांगू नको म्हून तुमीच कायदा केला."

बाईंनी घड्याळ पाहिले. साडेतीन. चूक शोधायला गेल्या तर यादी बरोबर, कडूबाई बरोबर. उरले कोण, ते गणिताच्या बाईंना कळायला वेळ लागला नाही. टांगा मिळेपर्यंत त्या अर्ध्या वाटेवर पोचल्या होत्या, तेही घरातल्या चपला घालून.

फलाटावर मालनबाई ट्रंकेवर बसल्या होत्या. हातात परतीचे तिकीट.

"दोन तास होत आले, वहिनी. आता कारण सांगा, गाडी यायला दहा मिनिटं आहेत."

मनकर्णाबाई ट्रंकेच्या कडेवर टेकल्या आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. दिनकर, शून्य, अकरा आकड्यांची यादी, कडूबाईचा कायदा. मालनबाई आधी कपाळाला आठ्या घालून ऐकत होत्या, मग पदर तोंडाला लावून, हसू दाबत. गाडी आली आणि गेली.

"आणि त्या पंगतीचं?" मालनबाईंनी विचारले.

"ते माझं चुकलं," बाई म्हणाल्या.

संध्याकाळी त्यांनी डायरीत लिहिले : ज्वारीच्या सात भाकरी केल्या. एकही उरली नाही.