झाकणावरची चिठ्ठी

२०११ साल. मी त्रेपन्न वर्षांचा. नांदेडच्या एका खाजगी दवाखान्याच्या लॅबमध्ये बाटल्या आणि काचा धुणारा मामा. शाळा दुसरीपर्यंत, ताठा मात्र पाटलाचा. तिथं मायक्रोस्कोपला एक डोळा लावून, दुसरा उघडाच ठेवून आमचे टेक्निशियन अप्पा म्हणायचे, "वरचं पाणी समद्यांचं सारखंच असतंय मामा. खाली काय बसलंय ते बघावं."

लघवी नळीत भरून यंत्रात गरगर फिरवली की गाळ तळाशी बसतो. वरचं ओतून द्यायचं आणि तळचा थेंब काचेवर घ्यायचा. आजकालची पोरं काच ठेवतात न ठेवतात तोच उचलतात. अप्पा त्या थेंबापुढं असे बसायचे, जसा लातूरचा आडत्या तळहातावर तूर घेऊन बसतो.

ते शिरूर अनंतपाळकडचे. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. संध्याकाळपर्यंत त्यातली निम्मी मायक्रोस्कोपला लागलेली असायची. नव्या डॉक्टरीणबाईंनी एकदा विचारलं, "मामा, ही कसली पावडर?" मी म्हणालो, "देवाची हाय. लई पुसली, पुन्हा येती." अप्पा हसले, पण डोळा काही वर काढला नाही.

बायका बाटली पदराखाली लपवून आणायच्या. अप्पा दोन्ही हातांनी घ्यायचे. "आणा माय, लाजायचं काय त्यात? माणूस खोटं बोलतंय, हे बोलत न्हाई."

मला मात्र ते एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगायचे. "मामा, चिठ्ठी बाटलीला लावा. झाकणाला नका लावू." बाटली ओली होते, चिठ्ठी गळून पडते. म्हणून मी झाकणालाच लावायचो. बारा वर्षं लावली होती. मला कोण शिकवणार?

एके दिवशी अप्पांनी डोळा वर काढला. असं कधी होत नसे.

"मामा, हा नमुना अर्धापूरच्या आजोबांचा?"

"हाव. झाकणावर लिवलंय की."

"ह्या पेशी बाईमाणसाच्या नमुन्यात दिसतात, त्याबी इतक्या. आणि प्रथिनं लई जातायत." मग हळूच विचारलं, "शेजारची बाटली लोह्याच्या त्या पोटुशीची ना? दोन्ही झाकणं एकदम काढली व्हती का?"

काढली होती. मला आठवत होतं.

"न्हाई," मी म्हणालो.

अप्पांनी माझ्याकडं नुसतं बघितलं. ती पोरगी आठव्या महिन्यातली, पाय सुजलेली. नमुना देऊन निघाली होती, रिपोर्ट उद्या न्यायची होती. अप्पा चप्पल न घालताच बसस्टँडकडं पळाले. पन्नाशीचा माणूस, भर उन्हात. लोह्याची गाडी सुटायच्या बेतात होती. अप्पा ड्रायव्हरच्या खिडकीखाली उभे राहून ओरडले, "माझी लेक हाय आत! थांबवा!"

तिला घेऊनच आले. नवा नमुना घेतला, त्यातही प्रथिनं तेवढीच. डॉक्टरीणबाईंनी बीपी बघितलं आणि घरी जाऊच दिलं नाही. तिसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. मुलगी झाली, लहानशी, पण दोघी सुखरूप. "आज घरी गेली असती तर झटके आले असते," असं बाई तिला ठेवून घेतलं त्याच दुपारी म्हणाल्या होत्या. आणि मग चढ्या आवाजात, "बाटल्यांचा घोळ कुणी केला?"

"माझ्याकडनं झालं, बाई," अप्पा म्हणाले.

त्यांना सगळ्यांदेखत बोलणी बसली. मी शेजारीच उभा होतो, हातात फडकं घेऊन. नंतरही त्यांनी मला एक शब्द विचारला नाही. यंत्र बंद केलं, हात धुतले आणि म्हणाले, "चला मामा, लई उशीर झाला. घरचे वाट बघून राहिले असतील."

अप्पांना जाऊन आता तीन वर्षं झाली. पुष्कळ शिकलेली माणसं बघितली मी. दुसऱ्याची चूक अशी बिनबोभाट अंगावर घेणारा हा एकच.

अप्पांनी बोलणी खाल्ली त्या रात्री मला भाकरी गेली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंची गाडी आत आली, तेव्हा मी फाटकातच उभा होतो. त्यांनी काच खाली घेतली. मी म्हणालो, "बाई, झाकणं मी बदलली. अप्पांनी न्हाई. काल मी अप्पांशी खोटं बोललो."