बोर्डाच्या आतला पतंग

टेस्टरकाका कुठल्याही घरात गेले की आधी दोन कामं करतात. चालू प्लगमध्ये टेस्टर घालून तो पेटतोय ना ते बघतात, आणि मग आधीच्या वायरमनला शिव्या घालतात. त्यांचं खरं नाव आमच्या रस्त्यावर कोणालाच माहीत नाही. साठी उलटली तरी झोपतानाही टेस्टर खिशात असणार, अशी माझी खात्री आहे.

मावशीसाठी मी दिव्याचा आरसा आणला होता, कडेने उजेड पडणारा. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ती एकाच गालाला पावडर लावून बाहेर पडायची आणि मी हसले की माझ्यावरच उखडायची. बाथरूममध्ये जुन्या आरशाच्या वर एक बल्ब होता. तो काढून त्याच वायरींवर नवा आरसा जोडायचा, म्हणजे जुन्याच बटणावर पेटेल, भिंत फोडायला नको. तासाभराचं काम.

"ही ओळीतली आठ घरं आमच्याच टोळीने केली," काका स्टुलावर चढता चढता म्हणाले. "चौघं होतो. मी सगळ्यात लहान, बावीस वर्षांचा. उस्ताद म्हणायचे, जिथे कोणी बघणार नाही तिथे सही करा. म्हणून बोर्डाच्या आत ज्याची त्याची खूण. माझा पतंग."

"वा! म्हणजे काम बिघडलं की चोर सापडतो," मी म्हटलं.

"माझं काम बिघडत नाही."

त्यांनी बटण बंद केलं, बल्ब काढला आणि सवयीने होल्डरला टेस्टर लावला. टेस्टर लाल पेटला. मला बटण दोनदा चालू-बंद करायला लावलं. तरी पेटलेलाच. मग काकांच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. "कुठल्या गाढवाने केलंय हे! बटण करंटच्या वायरवर, फेजवर घ्यायचं असतं, याने न्यूट्रलवर घेतलंय. दिवा विझतो, पण करंट होल्डरमध्ये तसाच! आमच्या टोळीतल्या त्या लंबूचं काम असणार. त्याचं लक्ष कधी कामात नसायचंच."

मेन स्विच बंद करून त्यांनी बोर्ड उघडला. मी मोबाइलचा टॉर्च धरला होता. लाकडाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने पतंग काढला होता, शेपटीसकट.

काकांनी त्यावर अंगठा ठेवला.

एरवी मी त्यांना सोडलं नसतं. पण चेहरा इतका उतरला होता की मला हसूच आलं नाही. दोन वायरींची अदलाबदल करून बोर्ड लावून टाकला असता तर मावशीला काही कळलं नसतं, आणि मीही सांगितलं नसतं. खरंच नसतं सांगितलं. 'काम करावं तर टेस्टरकाकांनी' एवढीच या माणसाची आयुष्यभराची कमाई होती.

"ताई, जरा येता का?" त्यांनी हाक मारली. मावशी दारात आली. "इथला बल्ब कोण बदलायचं?"

"मीच की. आमच्या ह्यांना स्टुलावर चक्कर यायची. चाळीस वर्षं मीच बदलतेय. बटण बंद करून हं, मी काही वेडी नाही."

"पायात चप्पल असायची?"

"बाथरूममध्ये कसली चप्पल?"

काका स्टुलावर बसले. "ताई, बटण बंद केलं तरी करंट चालूच होता. हे माझं काम आहे. दोन्ही वायरी एकाच रंगाच्या होत्या, मी तपासलं नाही. तेव्हा माझ्याकडे टेस्टर नव्हता."

मावशीने स्वतःचे दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले. "आहे की मी धडधाकट," ती म्हणाली. "झालं ते झालं. आता गावभर सांगत सुटू नका, पोटावर पाय येईल तुमच्या."

काकांनी वायरी बदलल्या, आरसा बसवला, मेन चालू केला, बटण बंद करून चार वेळा टेस्टर लावला. मग मावशीने आरशासमोर उभं राहून दोन्ही गालांना पावडर लावली, आणि मला खूप बरं वाटलं.

"बाकीच्या सात घरांत पतंग कुठे कुठे आहे, आठवत नाही," पिशवी उचलताना काका म्हणाले.

मी फाटकापर्यंत सोडायला गेले. त्यांची स्कूटर समोरच उभी होती. तिच्याकडे न बघता ते शेजारच्या दाराशी गेले, बेल वाजवली आणि खिशातला टेस्टर हातात घेतला.

"वहिनी," दार उघडताच ते म्हणाले, "तुमच्या बाथरूममधला बल्ब कोण बदलतं?"