विंगेतली बाई

"हिचं नाव पॅनेलवर? आडनाव वाचूनच निम्मी मतं जातील."

साहेब हे माझ्यासमोर बोलले. सनद नावाच्या उपनगरातल्या त्यांच्या घरी, दिवाणखान्यात. मंडळाच्या निवडणुकीच्या मीटिंगला बाई मी एकटीच, म्हणून चहाचे कप मीच गोळा करत होते. सगळ्यांचे कप पांढरे. माझा निळ्या काठाचा. दर वेळी तोच. आजवर मी स्वतःला समजावत आले होते, की असेल योगायोग. त्या दिवशी मात्र समजावता येईना. कुणी हसलं नाही. 'असं बोलू नका' असंही कुणी म्हटलं नाही. सगळे बिस्किटं खात राहिले.

साहेब म्हणजे बहरीनमधल्या आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. मी मनामाच्या एका दवाखान्यात रिसेप्शनला. साहेबांची भाषणं मी लिहायचे. महाराष्ट्र दिनाचं, शिवजयंतीचं, कुणी वारलं तर शोकसभेचंही. बदल्यात, यंदा तुला चिटणीस करतो, हा त्यांचा शब्द. मला तो कधीच खरा वाटला नाही. साहेब गोड बोलायला लागले की मी सावध व्हायचे. तरी लिहीत राहिले. आशा सुटत नाही, दुसरं काय.

"मग माझं काय?" मी विचारलं.

"अगं, बाईची खरी ताकद पडद्यामागं. तूच लिहिलंयस ना, ते ग्रीसमधलं? किचन कमिटी तुझी. खलास!"

ग्रीसमधलं मीच लिहिलं होतं. महिला दिनाच्या भाषणासाठी. प्राचीन अथेन्समध्ये एक मोठा नेता होता. त्याच्या घरातली बाई परगावची. कायद्यानं ती तिथली कधीच होऊ शकत नव्हती. पण हुशार इतकी, की त्याची भाषणं तीच लिहून देते असं लोक म्हणायचे. जयजयकार त्याचा. नाटकांतून घाणेरडे विनोद तिच्यावर. युद्ध पेटलं, तरी म्हणे हिनंच त्याचे कान भरले. तिनं लिहिलेली एक ओळही आज शिल्लक नाही.

वाचताना ती बाई मला ओळखीची वाटली. मंडळातही कुजबुज होतीच, साहेब हिच्या मुठीत आहेत म्हणून. मुठीत! मला साधा कप वेगळा.

साहेबांनी भाषणातून कायदा काढला, विनोद काढले. 'थोर पुरुषामागची स्त्री' तेवढी ठेवली.

ते कधी हातात कागद धरत नाहीत. कागद दिसला की लोकांना कळतं, म्हणतात. म्हणून मला विंगेत बसवायचे, पाण्याच्या बाटल्यांच्या खोक्यावर. नाटकातल्यासारखं प्रॉम्प्टिंग. अडले की मी पुढचं वाक्य हळूच द्यायचं.

त्या शुक्रवारी, महिला दिनाच्या कार्यक्रमालाही मी गेले. नवरा साहेबांच्याच ओळखीनं नोकरीला लागलेला. "जा गुपचूप," तो म्हणाला.

हॉल भरलेला. साहेब रंगात आले. "मित्रहो, त्या नेत्याची भाषणं कोण लिहायचं?"

पुढं फक्त तिचं नाव होतं. ते त्यांच्या तोंडात बसतच नव्हतं, तालमीतही विसरायचे. त्यांनी मान किंचित विंगेकडं वळवली.

नाव माझ्या ओठांवर होतं. मी तोंड मिटलं.

मागून एक ड्रायव्हर ओरडला, "सांगा की साहेब, कोण?" हॉल हसला.

साहेब दात आवळून माझ्याकडं बघत म्हणाले, "अगं, बोल ना!" माइकवरून ते शेवटच्या रांगेपर्यंत गेलं.

मी उठले. मागच्या दारानं जाता आलं असतं. पण स्टेजवरून गेले, साहेबांच्या समोरून, हातात कागद तसाच. पायऱ्या उतरून हॉलच्या मधून बाहेर. आनंद झाला होता, खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी बायकांचे फोन आले. "छान केलंस गं. आम्ही आहोत तुझ्याबरोबर." सगळ्या दबक्या आवाजात. शेजारच्या खोलीत नवरा ऐकेल म्हणून. त्यातल्या किती जणी मत देतील, मला शंकाच आहे. माझा नवरा माझ्याशी बोलत नाही. त्याच्या व्हिसाची भीती मलाही वाटते.

तरी चिटणीसपदासाठी मी अर्ज भरलाय. पॅनेलशिवाय, एकटीनं. आडनावासकट. पडेन. बहुतेक दणकून पडेन. निम्मी मतं आडनावानं जातात ना? जाऊ देत. एकदा सगळ्यांच्या समोर जाऊ देत.

प्रचाराचं भाषण मीच करणार आहे. स्टेजच्या मधोमध उभी राहून. कागद हातात धरून, शेवटच्या रांगेलाही दिसेल असा.